एकोणसत्तरपैकी छप्पन्न गुणांची इमारत

हैदराबादला गेलेला माणूस काय पाहून येतो? चारमिनार पाहतो. शेजारच्या लाड बाजारातून घरच्या लेकीसुनांसाठी लाखेच्या बांगड्या घेतो. सालारजंग म्युझियममधल्या घड्याळाचे ठोके ऐकायला गर्दीत उभा राहतो आणि पायांत बळ असेल तर गोवळकोंड्याचा किल्ला चढतो. मराठवाड्यातल्या माणसाला तर हे शहर परके नाहीच. १९५६ पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. आजही दवाखान्याच्या, लग्नाच्या बस्त्याच्या नाही तर व्यापाराच्या निमित्ताने नांदेड-लातूरकडची माणसे तिकडे जात-येत असतात.

वाचकहो, यापुढे कधी जाल तेव्हा आणखी अर्धा दिवस हाताशी ठेवा. तुमच्या मनात नवे घर बांधायचे असेल तर नक्कीच ठेवा. शहराच्या पश्चिमेला, कोथागुडा भागात, एक कचेरी आहे. ती देवळासारखी कोरलेली नाही की राजवाड्यासारखी उंच नाही. पण अमेरिकेबाहेर सगळ्यात वरचे, म्हणजे ‘प्लॅटिनम’ दर्जाचे, ‘हरित इमारती’चे प्रमाणपत्र मिळवणारी ती पहिली इमारत. हे झाले २००३ साली. १४ जुलै २००४ रोजी त्या वेळचे राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. नाव आहे ‘सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर’.

तुम्ही म्हणाल, कारखानदारांच्या कचेरीशी आमचा काय संबंध? संबंध आहे. ‘हिरवे घर’, ‘ग्रीन बिल्डिंग’ हे शब्द आता तालुक्याच्या गावातल्या बांधकामवाल्यांच्या पाट्यांवरही दिसू लागले आहेत. शब्द नवा असला की त्याच्या मागोमाग दरही नवा येतो. या दरात नेमके काय मिळते आणि आपल्याला त्यातले किती लागते, हे त्या इमारतीत हिंडताना चांगले समजते.

काचेच्या गावातून

कोथागुड्याला जायचे म्हणजे हायटेक सिटीवरून जायचे. १९९८ साली तिथे ‘सायबर टॉवर्स’ उभी राहिली आणि मग बघता बघता सगळा माळ काचेच्या इमारतींनी भरून गेला. दख्खनचे ऊन आपल्याला ठाऊक आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी अंगणात कुत्रेसुद्धा थांबत नाही. अशा उन्हासमोर काचेची भिंत उभी करायची, आत शिरलेली उष्णता बाहेर काढायला दिवसभर वातानुकूलन यंत्र चालवायचे आणि खिडक्या उघडण्याची सोयच ठेवायची नाही, हा तिथला रिवाज.

त्या काचेच्या गावातून पुढे आलात की ही कचेरी लागते. जागा पाच एकर. हैदराबादच्या माळावर हत्तीएवढे गोटे एकावर एक ठेवल्यासारखे पडलेले असतात, ते तुम्ही गाडीतून पाहिले असतील. इथे इमारत बांधताना असले खडक सुरुंग लावून फोडण्याऐवजी शक्य तितके जागच्या जागी राहू दिले, झाडेही राखली. इमारत त्यांच्यामध्ये वाट काढत बसवली आहे. वाहने उभी करायच्या जागेतही सगळीकडे काँक्रीट ओतलेले नाही. भोके असलेल्या फरश्या बसवल्या आहेत आणि त्या भोकांतून गवत वर आले आहे. पावसाचे पाणी तिथेच मुरते.

इमारत गोल आहे. मधोमध मोकळा चौक आणि चौकाभोवती खोल्या. हे सांगितल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येईल? वाडा! बडोद्याचे वास्तुशिल्पी करण ग्रोव्हर यांनी ही रचना केली, ती आपल्याकडच्या जुन्या बांधणीवरूनच. चौकातून उजेड येतो आणि तापलेली हवा वर निघून जाते. काही भिंतींना जाळ्या आहेत. ऊन त्यांतून गाळून येते, वारा मात्र अडत नाही. दिवसभर बहुतेक खोल्यांत दिवा लावावा लागत नाही.

दोन बाजूंना दोन उंच मनोरे दिसतील. ते शोभेचे नाहीत. वरून वारा आत घ्यायचा, पाण्याच्या ओलाव्याने तो काही अंश थंड करायचा आणि मग वातानुकूलन यंत्राकडे पाठवायचा, एवढे त्यांचे काम. खिडकीला वाळ्याचा ओला पडदा लावला की झुळूक गार येते, तेच तत्त्व. यंत्राला आधीच थोडी निवलेली हवा मिळाली की त्याला वीज कमी लागते.

छपरावर निम्म्याहून अधिक भागात माती घालून हिरवळ लावली आहे. उरलेल्या भागात साडेतेवीस किलोवॅटचे सौर पत्रे आहेत. विटा साध्या भाजलेल्या मातीच्या नाहीत, औष्णिक वीजकेंद्रातल्या राखेच्या आहेत. आणि ऊस लावणाऱ्या वाचकांना ऐकून बरे वाटेल, इथल्या सामानात उसाच्या चिपाडापासून केलेले फलकही आहेत. वापरलेल्या मालापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक मालात असा टाकाऊतून पुन्हा कामी आणलेला भाग आहे.

आता मागच्या बाजूला चला. इमारतीतले सांडपाणी आणि मैलापाणी एका वाफ्यात सोडतात. त्या वाफ्यातल्या वनस्पतींची मुळे आणि मुळांवरचे जिवाणू पाणी शुद्ध करतात. ते पाणी बागेला जाते, बाहेर थेंबही सोडत नाहीत. इंग्रजीत याला मोठे नाव आहे. पण आपल्या आजीने मोरीच्या तोंडाशी अळू, कर्दळ आणि केळीचा खुंट लावला होता, तो उगीच नव्हता. इथे तेच काम मापाने आणि आखणीने केले आहे.

गुणपत्रिका कशी असते

हे सगळे पाहून झाल्यावर तुमच्याबरोबरचे एखादे काका नक्की विचारतील, “हे सगळं खरं, पण हिरवी म्हणायची ती कुणी आणि कशावरून?”

प्रश्न रास्त आहे. अशी मोजणी प्रथम ब्रिटनमध्ये १९९० साली सुरू झाली. अमेरिकेतल्या हरित इमारत परिषदेने १९९८ साली स्वतःची पद्धत काढली, तिचे नाव ‘लीड’. आपल्याकडे २००१ साली ‘इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल’ स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे याच इमारतीत आहे.

‘लीड’ची गुणपत्रिका त्या वेळी ६९ गुणांची होती. शाळेतल्या विषयांसारखे तिचे सहा भाग होते. जागेची निवड आणि राखण याला १४ गुण, पाण्याला ५, विजेला १७, बांधकामाच्या मालाला १३, आतली हवा आणि उजेड याला १५ आणि काही नवे करून दाखवले तर ५. एकूण २६ गुण मिळाले की पास, ३३ ला चांदी, ३९ ला सोने आणि ५२ पासून पुढे प्लॅटिनम. या कचेरीला मिळाले ५६.

आता ही गुणपत्रिका शेतकऱ्याच्या डोळ्यांनी वाचून पाहा. एकोणसत्तर गुणांत पाण्याला फक्त पाच! आपण गुण द्यायला बसलो असतो तर पाण्यालाच निम्मे दिले असते. त्यातही मैलापाणी नव्या पद्धतीने हाताळण्याला एक गुण होता, आणि सायकली लावायला जागा व नोकरांना अंघोळीची सोय केली तर त्यालाही एकच गुण. शिवाय ‘लीड’ची परीक्षा उत्तीर्ण झालेला तज्ज्ञ कामावर ठेवला तर तेवढ्यानेच आणखी एक गुण. जवळच्या भागातला माल वापरला तर गुण होते, पण ‘जवळचा’ म्हणजे पाचशे मैलांच्या आतला, म्हणजे आठशे किलोमीटर! मुंबईत तयार झालेला मालसुद्धा या हिशेबाने हैदराबादला ‘गावचा’ ठरतो.

यात कुणाची लबाडी आहे असे समजू नका. नियम ज्या देशात केले तिथल्या गरजांप्रमाणे ते झाले. अमेरिकेत अंतरे मोठी, घरे यंत्राने गरम-गार करण्याची सवय मोठी, म्हणून तिथे विजेला आणि आतल्या हवेला जास्त गुण. आपल्या लोकांनीही ही गोष्ट पुढे ओळखली. इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलने नव्या इमारतींसाठी २०१४ साली जी शंभर गुणांची नियमावली काढली, तिच्यात पाण्याला १८ गुण दिले. त्याआधी २००७ साली दिल्लीची ‘टेरी’ ही संस्था आणि केंद्र सरकारचे अपारंपरिक ऊर्जेचे खाते यांनी मिळून अगदी आपल्या हवापाण्यासाठी ‘गृह’ नावाची पद्धत आणली. तिच्यात एक ते पाच तारे मिळतात. अडीच हजार चौरस मीटरच्या आतल्या लहान इमारतींसाठी तिचीच ‘स्वगृह’ नावाची सुटसुटीत आवृत्ती आहे, तिच्यात १४ कलमे आणि ५० गुण आहेत.

मोजमाप कोण करतो, कुठे बसून करतो आणि कशाला मोल देतो, यावर निकाल ठरतो, एवढे मनात ठेवा.

पैसे कुठे जातात

आता खर्चाचे पाहू. प्रमाणपत्राचा खर्च दोन ठिकाणी होतो आणि सांगणारा माणूस बहुधा एकाच ठिकाणचा सांगतो.

पहिला खर्च कागदाचा. नाव नोंदवण्याची फी, तपासणीची फी, आणि त्याहून मोठी म्हणजे सल्लागारांची फी. वीज किती लागेल याचे संगणकावर गणित मांडायचे, प्रत्येक मालाची पावती आणि दाखला जमवायचा, बांधकामाचे फोटो काढून ठेवायचे, यंत्रे बसवल्यावर ती सांगितल्याप्रमाणे चालतात की नाही हे तपासायचे. या कामाला माणसे लागतात. इमारत मोठी असेल तर हा खर्च चौरस फुटामागे किरकोळ पडतो. घर लहान असेल तर तोच अंगावर येतो, कारण कागद लहान घरालाही जवळजवळ तेवढेच लागतात.

दुसरा खर्च बांधकामातला. दुहेरी काच, चांगली यंत्रे, सौर पत्रे, छपराचे थर. या वीस हजार चौरस फुटांच्या कचेरीला साध्या इमारतीपेक्षा १८ टक्के जास्त खर्च आला आणि वीज-पाण्याच्या बचतीतून तो सात वर्षांत भरून येईल असा हिशेब कौन्सिलने मांडला. पहिली इमारत म्हणजे पहिलटकरीण. त्या वेळी पुष्कळसा माल इथे मिळतच नव्हता. पुढे माल इथे होऊ लागला, मिस्त्री तयार झाले. मुंबईच्या ‘कल्पतरू स्क्वेअर’ या तीन लाख चौरस फुटांच्या इमारतीला प्लॅटिनमसाठी दोनच टक्के जास्त लागले आणि ते दोन वर्षांत भरून येण्याजोगे होते, असे त्याच कौन्सिलचे आकडे सांगतात. हे आकडे प्रमाणपत्राचा पुरस्कार करणाऱ्यांनीच दिलेले आहेत, हे विसरू नये. तरी दिशा स्पष्ट आहे, खर्च उतरत गेला.

पण थांबा. हा हिशेब आपल्या घराला लावून पाहू या. समजा, तुम्ही दहा लाखांचे घर बांधताय. १८ टक्के जास्त म्हणजे एक लाख ऐंशी हजार. घराचे विजेचे बिल महिन्याला सहाशे रुपये धरा, म्हणजे वर्षाला सात हजार दोनशे. ते निम्मे झाले तरी वर्षाला वाचणार तीन हजार सहाशे. म्हणजे एक लाख ऐंशी हजार फिटायला पन्नास वर्षे! कचेरीला जे सात वर्षांत साधते ते आपल्याला नातवाच्या काळात साधणार.

असे का होते? कचेरीत दिवसभर थंड हवेचे यंत्र, दिवे आणि संगणक चालतात. तिचे बिलच एवढे मोठे की त्यातून वाचवायला जागा आहे. आपल्या घरात दोन पंखे, चार दिवे, टीव्ही, फार तर फ्रिज. जिथे मुळात खर्चच कमी, तिथे बचत कुठून निघणार?

म्हणून घर हिरवे करणे आपल्याला परवडत नाही, असे कुणी म्हणेल. तसेही नाही. आपल्या घराचा फायदा बिलात दिसत नाही, एवढेच. मे महिन्यात स्लॅबखाली बाळंतीण आणि तान्हे मूल घामाने भिजत असतात. म्हाताऱ्याला रात्री दोनपर्यंत झोप लागत नाही आणि पहाटे उठून त्याला जनावरांकडे जायचे असते. बियाण्याची पोती उष्ण खोलीत पडून त्यांची उगवण बिघडते. हे कुठल्या बिलात लिहिलेले असते? ‘सात वर्षांत फिटेल’ या हिशेबात यातले काही मोजलेले नाही. आपण मात्र घर बांधताना हेच मोजायचे आहे.

निळी चिठ्ठी केव्हा लागते

प्रमाणपत्र लागते कुणाला, हे समजायला आपल्या बियाण्याचेच उदाहरण घ्या. १९६६ च्या बियाणे कायद्यानंतर प्रमाणित बियाण्याची पद्धत आली. अकोल्याच्या बीज प्रमाणीकरण यंत्रणेचा माणूस बीजोत्पादकाच्या शेतात येऊन पीक पाहतो, नमुने तपासले जातात आणि मग पिशवीला निळी चिठ्ठी लागते. दुकानातून पिशवी घेताना आपण ती चिठ्ठी पाहतो, कारण ते बी कुणाच्या शेतात पिकले हे आपण पाहिलेले नसते. पण स्वतःच्या शेतातले सोयाबीन किंवा हरभरा बियाण्यासाठी राखला, तर त्याला चिठ्ठी लावायला कुणी अकोल्याला जात नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो, आठ दिवसांनी किती उगवले ते मोजतो आणि पेरायचे की नाही ते ठरवतो.

इमारतीचेही असेच आहे. तुमचा मुलगा किंवा जावई पुण्यात नाही तर पिंपरी-चिंचवडमध्ये फ्लॅट घेत असेल, तर त्याला चिठ्ठी लागते. भिंतीच्या आत काय आहे, सांडपाण्याचे यंत्र चालते की नुसते दाखवायला आहे, हे त्याला गिलाव्यावरून कळणार नाही. त्याला एवढे सांगा की जाहिरातीतले हिरवे पान पाहून भुलू नको. बांधकामाआधी केवळ नकाशांवरून मिळालेले तात्पुरते प्रमाणपत्र वेगळे आणि इमारत पुरी झाल्यावर मिळालेले अखेरचे वेगळे. अखेरचे दाखवायला सांग, कोणत्या पद्धतीचे आणि किती ताऱ्यांचे ते विचार, आणि तिथे राहायला आलेल्या माणसाचे विजेचे बिल पाहा.

गावची शाळा, सोसायटीचे गोदाम, ग्रामपंचायतीची कचेरी बांधायची असेल तरीही बाहेरचा तपासनीस बरा. पैसा सगळ्यांचा असतो आणि देखरेख कुणा एकाची नसते. ‘स्वगृह’सारखी लहान पद्धत अशा कामाला शोभते.

पण तुमचे स्वतःचे घर? पाया खणल्यापासून तुम्ही तिथे उभे असता. विटा तुम्ही मोजता, भिंतीवर पाणी तुमच्या घरची माणसे मारतात. तिथे चिठ्ठीपेक्षा ओल्या गोणपाटाची परीक्षा जास्त कामाची.

परीक्षा चिठ्ठीवाल्यांनाही चुकत नाही, बरे का. अमेरिकेत ‘लीड’ मिळालेल्या १२१ इमारतींची खरी वीजबिले तपासली गेली आणि २००८ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सरासरीने त्या साध्या इमारतींपेक्षा बऱ्याच पुढे होत्या. पण एकेक पाहता काही फारच चांगल्या निघाल्या आणि काही साध्या इमारतींहूनही वाईट. प्रमाणपत्र बांधणीला मिळते. पुढे दार उघडे टाकून यंत्र चालवणाऱ्या माणसाला ते अडवू शकत नाही.

जुने ते सगळेच सोने नाही

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग आपले जुने वाडे आणि माळवदाची घरेच बरी, त्यांत गारवा होता. गारवा होता, खरे आहे. दोन-अडीच फुटी भिंत दुपारचे ऊन संध्याकाळपर्यंत आत येऊ देत नसे. पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर-उस्मानाबादकडचा माणूस विसरलेला नाही. किल्लारीच्या भूकंपात त्याच दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीने जड झालेली माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो माणसे गेली. त्यानंतर आपल्याकडे लोक स्लॅबच्या घराकडे वळले ते नुसत्या हौसेने नाही, भीतीनेही वळले. त्या भीतीला मान दिला पाहिजे.

हैदराबादच्या गुणपत्रिकेतल्या ६९ गुणांत भूकंपात टिकण्याला वेगळा गुण नव्हता. ते काम बांधकामाच्या इतर नियमांवर सोडलेले होते. म्हणून गारवा शोधताना मजबुती आधी ठरवा. जोत्याच्या पातळीला, दारे-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली सलग काँक्रीटचा पट्टा घ्यायलाच हवा. तो पैसा कुठल्याही हिरव्या कामासाठी कापू नका.

घरी काय आणावे

त्या इमारतीतून आपल्या घरी आणण्याजोग्या गोष्टी बहुतेक बिनखर्चाच्या किंवा थोड्या खर्चाच्या आहेत.

पहिली, दिशा. घराची लांब बाजू उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे तोंड करून ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला मोठ्या खिडक्या नकोत. त्या बाजूला न्हाणीघर, जिना किंवा कोठीची खोली येऊ द्या, तिसऱ्या प्रहराचे ऊन ती खोली झेलेल. बियाणे आणि धान्य मात्र त्या खोलीत ठेवू नका, उत्तरेकडच्या खोलीत ठेवा. नकाशा कागदावर आहे तोवर या बदलाला पैसा लागत नाही, भिंती उभ्या राहिल्यावर लागतो.

दुसरी, छप्पर. एकमजली घराला सगळ्यात जास्त ऊन छपरातून लागते. कचेरीसारखी माती स्लॅबवर टाकू नका. त्या वजनाचा आणि ओलीचा हिशेब आधी केलेला नसेल तर स्लॅब गळेल, लोखंड गंजेल. उन्हाळ्याच्या तोंडाशी स्लॅबवर चुन्याचे दोन हात द्या, किंवा पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवून घ्या. पांढरा रंग ऊन परतवतो. दक्षिणेला आणि पश्चिमेला मांडव घालून दोडका, घेवडा, कारल्याचा वेल चढवला तर सावलीही मिळेल आणि भाजीही.

तिसरी, वारा. चौकाला जागा नसेल तर समोरासमोर खिडक्या ठेवा आणि भिंतीत वरच्या बाजूला झरोके ठेवा. तापलेली हवा वर चढते, तिला बाहेर पडायला वाट हवी. पडवी काढून टाकून तेवढी खोली वाढवण्याचा मोह आवरा. पडवीच्या सावलीने मागची भिंत वाचते.

चौथी, पाणी. शंभर चौरस मीटर स्लॅबवर एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी होते. तुमच्याकडे वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस असेल तर साठ हजार लिटर. गळती, उडून जाणे आणि पहिल्या पावसाचे घाण पाणी सोडून देणे यात पाचवा हिस्सा गेला असे धरा, तरी अठ्ठेचाळीस हजार उरतात. ते पन्हाळीतून रस्त्यावर सोडायचे की गाळून टाकीत, बोअरजवळच्या खड्ड्यात उतरवायचे? मोरीचे पाणी केळी-कर्दळीला द्या, हे घरधनिणीला सांगायला नको.

पाचवी, यंत्रांवरची ताऱ्यांची चिठ्ठी. पंखा, फ्रिज यांवर केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारे असतात. २००६ साली ही पद्धत सुरू झाली. हे एक प्रमाणपत्र असे आहे की त्याची फी तुम्हाला वेगळी मोजावी लागत नाही, दुकानात नुसते वाचायचे. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, नवा कमी विजेचा तीसच्या आसपास. रोज बारा तास, वर्षाचे आठ महिने धरले तर एका पंख्यामागे सुमारे १३० युनिट वाचतात. हे गणित बैठकीत बसून शाळेतल्या मुलांकडून करून घ्या.

आता परीक्षा. दोन भिंतीवरचे तापमापक आणा, फार महाग नसतात. एक बाहेर सावलीत टांगा, दुसरा ज्या खोलीत म्हातारी माणसे झोपतात तिथे. मे महिन्यात आठ दिवस दुपारी तीनला आणि रात्री दहाला आकडे वहीत लिहा. रात्री दहाला बाहेर निवलेले आणि आत अजून तापलेले असेल तर दोष स्लॅबचा आणि बंद हवेचा. मग चुना द्या, झरोका काढा आणि पुन्हा आठ दिवस लिहा. किती उतरले ते तुमच्याच वहीत दिसेल. शेजाऱ्याला सांगताना ‘बरे वाटते’ असे मोघम सांगावे लागणार नाही.

हैदराबादच्या कचेरीत नुसते पाहायला जाणार असाल तर आधी विचारून, परवानगी काढून जा. ते कामाचे ठिकाण आहे. मुलाबाळांना बरोबर न्या. चौकात थोडा वेळ उभे राहा, मागचा मुळांचा वाफा पाहा आणि परत येताना काचेच्या मनोऱ्यांकडेही एकदा पाहून घ्या. मग घराचा नकाशा मिस्त्रीसमोर पसराल तेव्हा त्याला पहिला प्रश्न विचारा, “दादा, तिसऱ्या प्रहरी ऊन कुठल्या भिंतीवर येणार?” त्याने कागद फिरवून विचार केला तर माणूस कामाचा. तो “त्याचं काय एवढं” म्हणाला, तर नकाशावर सही करायची घाई करू नका.